तांब्याचं वायसर

शेंदूरजनाघाटहून वरूडकडे निघालं की डाव्या हाताला सुगतचं गॅरेज लागतं. पत्र्याचं शेड, समोर तेलानं काळी झालेली जमीन. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी गावातल्या नत्थुजींच्या ट्रॅक्टरमागे दोरानं बांधलेली पांढरी पिकअप त्या शेडसमोर येऊन थांबली. हातातला पाना तसाच धरून सुगत उभा राहिला. गाडी चंद्रभानची होती. तीन महिन्यांपासून ही गाडी कधीतरी आपल्याकडे येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ती येऊ नये असंही त्याला वाटत होतं.

चंद्रभान गाडीतून खाली उतरला. बावन्न-त्रेपन्नचा माणूस, पण बायको गेल्यापासून साठीचा दिसत होता. नत्थुजी ट्रॅक्टर घेऊन निघून गेले.

"डिझेल टपकून राहिलं," चंद्रभान म्हणाला. "थेंब थेंबच हाये. पण उद्या अचलपूरचा माणूस येते गाडी न्याले. गळती गाडी कशी देऊ त्याले?"

"विकून राहिले का भाऊ?"

"ती गेली तवापासून अंगणातच उभी हाये. ठेवून काय करू?"

सुगतनं बॉनेट उघडलं. काय निघणार हे त्याला अर्धंमुर्धं माहीत होतं.

नोव्हेंबरात संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी जोरात असताना चंद्रभान असाच आला होता. मागे संत्र्याचे क्रेट भरलेले, गाडी चालूच, तोंडानं घाई. डिझेलच्या फिल्टरला जो पाईप येतो त्याच्या बोल्टाखालून थेंब गळत होता. तिथं तांब्याची एक पातळ चकती असते, शर्टाच्या बटणाएवढी. गॅरेजवाले तिला वायसर म्हणतात. सुगतकडची नवी वायसरं संपली होती. मग त्यानं जुनंच गॅसच्या आचेवर लालभडक तापवलं आणि पाण्यात टाकलं. असं केलं की तांबं मऊ पडतं आणि परत एकदा नीट बसतं. बरेच मिस्त्री करतात. पण त्या वायसरच्या एका अंगाला केसाएवढा ओरखडा होता. सुगतनं तो पाहिला, पॉलिश पेपरवर दोनदा घासला आणि बोल्ट आवळून टाकला. थेंब थांबला.

"अमरावतीहून वायसर येणार हायेत. आठ दिवसांनी येजा," एवढं तो म्हणाला. जुनंच टाकलंय, हे बोलला नाही. आठ दिवसांनी चंद्रभान आला नाही. तोडणी संपेपर्यंत त्याला जेवायलाही सवड नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे सहाला चंद्रभानच्या बायकोच्या, दुर्गाबाईच्या, छातीत कळ आली. अंगणात स्वतःची गाडी उभी, म्हणून चंद्रभाननं दुसरी कोणती पाहिलीच नाही. सेल्फ मारला तर इंजिन नुसतं गुरगुरून गप्प. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरलं होतं आणि पाईपात हवा भरली होती. फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून त्याच्या अंगठ्याची कातडी निघाली. तोवर बॅटरीही बसली. अर्ध्या तासानं नत्थुजींनी ट्रॅक्टरनं ओढली तेव्हा गाडी सुरू झाली. वरूडला डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

सुगतनं हे सारं स्मशानात लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. घरी येऊन तो बायकोला, ललिताला, म्हणाला, "थंडीनं बॅटरी बसली असंल." तीही म्हणाली, "तसंच असंल." त्यानंतर त्यानं ते मनाशी इतक्यांदा म्हटलं होतं की त्याला ते जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं.

त्यानं इंजिन कापडानं कोरडं पुसलं. सगळ्या जोडांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. जिथून डिझेल निघतं तिथं पावडर ओली होऊन काळी पडते. मग हातपंप दाबत वाट पाहत बसला. चंद्रभान शेजारच्या टायरवर बसून बघत होता.

पहिला काळा ठिपका वरच्या अंगाला उमटला. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी रबरी नळी चिरली होती.

"हे पाहा. रबर फुटलं," सुगत म्हणाला.

"यानं गाडी सुरू नाही होत का?"

सुगतनं नजर नळीवरच ठेवली. "होऊ शकते तसं."

"मंग यानंच झालं असंल," चंद्रभान म्हणाला. जमिनीकडे बघत तो पुढं बोलायला लागला. "मले वाटे माहाच हात चालला नाही. घाबरलो होतो ना. पंप दाबतो, सेल्फ मारतो, परत पंप दाबतो. ती ओट्यावर बसेल होती. आपली पोरगी करिश्मा तिचे हात चोळून राहिली होती. ती मलेच म्हणे, बसा घडीभर, थकून जान. तिले घाम सुटला होता अन् मलेच म्हणे."

तेवढ्यात फिल्टरच्या बोल्टाखालची पावडर काळी पडली. सुगतनं ते पाहिलं. चंद्रभानची मान खाली होती. नुसती नळी बदलली असती, बोल्ट गुपचूप उघडून नवं वायसर टाकलं असतं, तर उद्या गाडी अचलपूरला गेली असती आणि कोणालाच काही कळलं नसतं. सुगतनं पाना लावला. बोल्ट काढला. वायसर बोटावर घेतलं. ओरखडा तसाच होता, आता काळ्या रेघेसारखा.

तो चंद्रभानसमोर उकिडवा बसला आणि ते वायसर त्याच्या तळहातावर ठेवलं.

"भाऊ, त्या नळीनं नाही झालं. नळी आता उभ्या गाडीत वाळून चिरली. हवा इथून गेली. हे वायसर जुनं होतं. नोव्हेंबरात मीच तापवून परत बसवलं. ही रेघ मले तवा दिसली होती."

चंद्रभाननं वायसर उलटंपालटं करून पाहिलं. "तू त म्हणे आठ दिवसांनी ये."

"तेवढं म्हटलं. जुनं टाकलं हे नाही म्हटलं."

"काहून नाही म्हटलं?"

"मले वाटलं, चालते. तुमी घाईत होते, मीबी घाईत होतो." त्यानं पाना खाली ठेवला. "दुसरं काही कारण नाही भाऊ."

रस्त्यावरून संत्र्याचा एक ट्रक गेला.

"सांगितलं असतं त आलो असतो मी," तो म्हणाला. मग वायसरकडे बघत, "मालूम नाही. आलो असतो का नाही. माल झाडावर होता."

सुगतला वाटलं, तो उठून दोन लगावेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण चंद्रभाननं वायसर शेजारच्या डब्याच्या झाकणावर ठेवलं आणि म्हणाला, "कर तुहं काम."

सुगतनं काम केलं. बोल्टाच्या दोन्ही बाजूंना नवी वायसरं, वरची रबरी नळी सगळीच्या सगळी नवी. फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करून त्यानं पंप दाबला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग एकसारखी डिझेलची धार. स्क्रू आवळला, सगळं पुसलं, परत पावडर टाकली. पावडर पांढरीच राहिली. बसलेली बॅटरी काढून त्यानं आपल्याकडची चार्ज केलेली लावली.

"सेल्फ मारा," तो म्हणाला.

चंद्रभान आत बसला. त्यानं चावी फिरवली आणि इंजिन तत्क्षणी सुरू झालं. नीट, एका लयीत चालू लागलं. चंद्रभानचा हात चावीवरच होता. जवळजवळ तीन महिने त्यानं गावात कोणासमोर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. आता स्टीअरिंगवर डोकं टेकून तो मोठ्यानं रडायला लागला. इंजिनच्या आवाजात त्याचे शब्द सुगतला तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होते. "एका सेल्फात... एका सेल्फात रे..."

सुगत दाराजवळ उभा होता. हात पुढं करावा की नाही हे त्याला कळेना. शेवटी चंद्रभाननंच गाडी बंद केली, तोंड पुसलं, खाली उतरून चावी सुगतच्या हातात दिली.

"अचलपूरवाल्याले इथूनच दे. घरी नको मले ती."

आणि तो पायीच गावाच्या रस्त्याला लागला. दुसऱ्या दिवशी अचलपूरचा माणूस आला, गाडी चालवून पाहिली, खूश होऊन घेऊन गेला.

सुगतला दोन दिवस अन्न गेलं नाही. ललितानं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोरीले बी सांगाले पाह्यजे. माय तिची होती."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो चंद्रभानच्या घरी गेला. करिश्मा एकटीच होती, दारात गहू निवडत बसली होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली ही पोर आता सगळं घर सांभाळत होती. त्यानं बोलायला सुरुवात केली तशी ती म्हणाली, "बाबांनी सांगितलं मले."

"मंग काय म्हणू बाई मी..."

"काका, त्या दिवसापासून बाबा दोन घासच खात. म्हणे, गाडी मलेच सुरू नाही करता आली. रोज तेच." तिनं सुपातले खडे बाजूला काढले. "परवा तुमच्याकडून आले अन् पोटभर जेवले. जेवता जेवता रडले, पण जेवले."

सुगतनं मान डोलावली. बरं वाटून घ्यावं की वाईट, हे त्याला समजेना.

"पण आता काही दिवस आमच्याकडे नका येऊ," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमाले पाहिलं की मले ती सकाळ दिसते. बाबाचं बाबा पाहतीन. मले जमून नाही राहिलं."

"नाही येत बाई," सुगत म्हणाला.

उन्हाळ्यात एकदा तो मोटारसायकलवरून वरूडला चालला होता. फाट्यावर चंद्रभान बसची वाट पाहत उभा होता, डोक्यावर दुपट्टा, हातात पिशवी. सुगतनं गाडी थांबवली.

"चला भाऊ, सोडतो."

चंद्रभाननं त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. "जाय तू," तो म्हणाला. "येते बस."

सुगत थोडं पुढं जाऊन थांबला आणि मागं वळून बघत राहिला. बस यायला बराच वेळ लागला. ती आल्यावर चंद्रभान दांडा धरून सावकाश वर चढला, आणि मगच सुगतनं किक मारली.