उताणं नका झोपवू

माझे बाबा, नागोराव, दारव्हा-आर्णी जीप चालवायचे. डावा डोळा लहानपणापासून अधू, सगळी भिस्त उजव्यावर. त्याचाच पडदा सुटला आणि नागपूरला ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅस भरला होता. तो वर चढून पडदा दाबून धरतो, म्हणून बाबांनी पालथंच झोपायचं. "डोळा ठणकला, उलटी झाली, तर आतला दाब वाढला समजा. लगेच मोजायला आणा, नाहीतर नस मरते," असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं.

आठवडाही झाला नाही तोच नेमकं तसंच झालं. आम्ही लगेच नागपूरला निघालो. वाटेत बाबा उलट्यांनी पार गळून गेले, म्हणून रस्त्यावरच्या एका दवाखान्यात नेलं. तिथेच घात झाला.

कापसाने त्या वर्षांत आमच्याकडे अशी दशा केली होती की उलट्या करत आलेला माणूस म्हणजे फवारणीचं विष प्यालेला, हे ठरलेलंच. तपासायला कोणाला वेळ होता! बाबांना उताणं पाडलं, हातपाय धरले आणि नाकातून नळी घातली.

"माह्या बाबाले उताणं नका झोपवू! डोळ्याचं ऑपरेशन झालं हाय, दाब मोजा!" मी ओरडले.

डॉक्टरने डोळ्यावरची पट्टी पाहिली. "डोळा गेला म्हणूनच प्यायले असतील," म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला! आजही ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं.

"मले वावर नाही, कापूस नाही, म्या काहून पिऊ?" बाबा कळवळून सांगत होते. पोलीस आला तो मलाच विचारू लागला, घरात भांडण झालं होतं का. रात्रभर आम्हाला सोडलं नाही. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या डॉक्टरांनी दाब मोजला. बारीक सुईने थोडा गॅस काढला, थेंब घातले. दाब उतरला. नजर आली नाही.

घरी आल्यावर जो तो येऊन समजावू लागला. मी प्रत्येकाशी भांडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी शेजारच्या कांताबाई बाबांजवळ बसल्या. "जीव वाचला हे पाह्य, नागोराव. पुन्हा असं करू नको, बापा."

मी चवताळून पुढे झाले. बाबांनी हातानेच मला थांबवलं आणि कांताबाईंच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"चुकलं बाई," ते म्हणाले. "नाही पेत आता."