एकोणीसवरची लाल टिकली

गाणी वाजवणारा रेडिओ मी नव्हे, मित्रांनो. मी एक जुना सीबी रेडिओ आहे. मला गाडीत समोरच्या काचेखाली बसवतात. माझ्या गुंडाळलेल्या वायरच्या टोकाला माइक असतो. त्याची कळ दाबून बोललं, की आसपासच्या काही मैलांतल्या गाड्यांना ते ऐकू जातं. एवढंच माझं काम. पण हमरस्त्यावर एवढ्यावरच कितीतरी माणसं सुखरूप घरी पोहोचतात.

माझी पहिली मालकीण वर्लीन. नेब्रास्काची, ट्रक चालवणारी, तोंडाने फटकळ. माझ्या गोल बटणाभोवती एक ते चाळीस आकडे आहेत, प्रत्येक आकडा म्हणजे एक वेगळं चॅनेल, पण ट्रकवाले सगळे एकोणीसवर बोलतात. तो आकडा अंधारात बोटांनाही सापडावा म्हणून तिने त्यावर नेलपॉलिशचा जाड थेंब लावला. तेव्हापासून माझ्या कपाळी ती लाल टिकली आली. ट्रकवाल्यांची बोलीही मी तिच्याच तोंडून शिकलो. "तुझं वीस काय?" म्हणजे तू आत्ता कुठं आहेस! हा प्रश्न ती येताजाता विचारायची. तिच्या आवाजाने रस्त्यावरचे धटिंगणही वेग आवरायचे, आणि तो आवाज मी पोहोचवतो याचा मला फार अभिमान होता.

पुढे वर्लीनचे गुडघे गेले. तिने ट्रक विकला आणि जुन्या सामानाच्या विक्रीसाठी मला अंगणातल्या टेबलावर मांडलं, वाफलच्या साच्याशेजारी. लोक यायचे, साचा उचलून बघायचे. माझ्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं.

मग लॉर्ना आणि ड्वाइट आले. आयोवाचं हे निवृत्त जोडपं राहायची सोय असलेली गाडी घेऊन युटाला लेकीकडे निघालं होतं. लॉर्नाला रेडिओ हवा होता. ड्वाइटच्या मनात दुकानातला नवा भरला होता.

"त्याला निळे दिवे आहेत," तो म्हणाला. "आपला आवाज घुमवायची सोयसुद्धा आहे."

"कशाला?" वर्लीन म्हणाली. "मदतीला हाक मारताना स्वतःचंच बोलणं तीनदा ऐकायचंय का? हा घ्या. दिसायला दगड आहे, पण बोलतो साफ. आणि एक लक्षात ठेवा, बटणाचा काटा या लाल ठिपक्यावरून हलवायचा नाही."

तिने सगळं सांगितलं, फक्त 'वीस' सांगायचं राहिलं. श्वास कसा घ्यायचा ते कोण सांगतं? तिला ते सुचलंच नाही.

युटाला जाताना ड्वाइटने मला बहुतेक बंदच ठेवलं. ट्रकवाल्यांच्या शिव्यांनी त्याचे कान किटायचे. "या मंडळींनी तोंडं धुवायला हवीत," असं म्हणून तो माझा आवाज बंद करी. मी मुकाट बसे.

परतीच्या वाटेवर, वायोमिंगच्या माळावर, भर दुपारी वाऱ्याने बर्फ उचललं आणि रस्ता पुसून टाकला. समोरचं काही दिसेना. बारीक बर्फ इंजिनात शिरलं आणि गाडी चालत्या रस्त्यावरच बंद पडली. ड्वाइटने किल्ली फिरवून फिरवून पाहिली. बाहेर पडावं तर वाऱ्यात उभं राहता येईना. मागून अवजड ट्रक येत असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. लॉर्नाने मला सुरू केलं.

"कोणी आहे का? आमची गाडी रस्त्यातच बंद पडलीय!"

"आहे, बाई. मी शिळी कॉफी बोलतोय," एक घोगरा आवाज आला. रस्त्यावर प्रत्येकाचं असं टोपणनाव असतं. "पूर्वेला चाललोय, मागे चार ट्रक आहेत. लवकर सांगा, तुमचं वीस?"

"वीसवर या म्हणतोय," ड्वाइट म्हणाला. "मग फिरव ना!"

लॉर्नाने बटण एक खटका पुढे नेलं.

मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. वीसवर चिटपाखरू नव्हतं, नुसती खरखर. लॉर्ना कळ दाबून हाका मारत होती, आणि मी तिच्या हाका निमूटपणे रिकाम्या हवेत सोडत होतो. मला लावाल तिथंच मी बोलतो. स्वतःहून एक खटका मागे जाणं माझ्या हातात नाही.

"गेला तो," ड्वाइट पुटपुटला. "सोडून गेला आपल्याला."

लॉर्नाने हातमोजा ओढून काढला. तिचं बोट बटणाभोवती फिरलं आणि त्या उंचवट्यावर अडखळलं. काटा टिकलीवर नव्हता. "ठिपक्यावरून हलवायचा नाही म्हणाली होती ती!" लॉर्ना ओरडली आणि तिने बटण मागे फिरवलं.

"...बाई, कुठं गेलात? बाई!"

"वीसवर गेलो होतो! तिथं कोणीच नाही!"

"अहो, वीस म्हणजे तुमचा ठिकाणा! मैलाची पाटी कुठली दिसली?"

"दोनशे एकसष्ट! नुकतीच मागे गेली!"

"मेलो! मी दोनशे साठ ओलांडलाय. मागचे सगळे, हळू! एकसष्टच्या पुढं गाडी उभी आहे! हळू रे, बाबांनो, हळू!"

एकामागून एक चार आवाजांनी होकार दिला. मग नुसता वारा. ड्वाइटने लॉर्नाचा हात घट्ट धरला. जमीन थरथरू लागली, एअरब्रेकचा फुत्कार ऐकू आला, आणि मागच्या काचेत दोन पिवळे दिवे मोठे होत होत अगदी जवळ येऊन थांबले.

"मागं बघा," आवाज आला. "तो मी. आता तुम्हाला कोणी धडकणार नाही."

लॉर्ना रडू लागली. नंतर शिळी कॉफी, चांगला दांडगा माणूस, वाऱ्यात गाडीला धरत धरत आत आला, थर्मास पुढे करून म्हणाला, "आवाज साफ आला म्हणून आकडा कळला, बाई. घुमला असता तर तुमच्यावरच चढलो असतो."

म्हणून सांगतो मित्रांनो, लांबच्या प्रवासासाठी आमच्यापैकी कोणाला निवडाल, तर दिव्यांना भुलू नका, आवाज पारखा. मला सुरू ठेवा, माझी वायर पिळू नका. आणि मला दुसऱ्याच्या हाती द्याल, तेव्हा आपली बोलीही त्याला समजावून द्या.

माझी टिकली आता गुलाबी आहे. जुनी झिजली, तेव्हा लॉर्नाने तिच्यावर आपल्या नेलपॉलिशचा थेंब लावला. मला रोज सुरू करतो तो मात्र ड्वाइटच. निघण्याआधी माइक हातात घेऊन तो शेजारी बसलेल्या बायकोला विचारतो, "लॉर्ना, तुझं वीस काय?"

"तुझ्या शेजारी," ती म्हणते. "चल आता."