खांबाजवळची पालथी वाटी

आमच्या घरात एक रीत आहे. वळसंगच्या बिरुदेवाला वर्षाचा नैवेद्य असतो, त्या दिवशी तो दाखवल्याशिवाय लहान पोराच्या तोंडात काही घालायचं नाही. मोठ्यांचा चहा चालतो, तंबाखू तर चालतेच. उपाशी राहायचं ते पोरांनी. का, तर चाळीस वर्षांपूर्वी माझ्या सासूच्या, बजाबाईच्या, तीन वर्षांच्या लेकीनं नैवेद्याच्या ताटातला गूळ आधीच खाल्ला आणि त्याच दिवशी ती देवळात मेली. मायाक्का तिचं नाव. देवानं नेली म्हणतात. देवाच्या माथी काहीही मारा, तो उलट बोलत नाही.

दरवर्षी त्या दिवशी सासू देवळातल्या तिसऱ्या खांबाजवळ एक वाटी पालथी ठेवते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, "आत्ती, ही कुणाची?"

"असू दे," एवढंच म्हणाली.

माझी सृष्टी पाच वर्षांची. तिला लहान मुलांना होतो तो साखरेचा आजार आहे. इन्सुलिनची सुई टोचली की वेळेवर खावंच लागतं. नाहीतर साखर खाली जाते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात आणि पोर हातची जाऊ शकते. डॉक्टरांनी हे मला आणि माझ्या नवऱ्याला, इंद्रजीतला, समोर बसवून सांगितलं होतं. तो मान हलवत होता. त्याची मान सगळ्यांपुढंच हलते.

यंदा तो दिवस रविवारी आला. जुळे सोलापुरातनं सकाळी सात वाजता निघालो. निघताना सुई दिली, दूध-चपाती चारली. हे सासूला सांगायचं नव्हतं. दहाला खायला म्हणून स्टीलच्या डबीत राजगिऱ्याचे दोन लाडू घेतले. नैवेद्य साडेनऊला असतो. म्हटलं, भागेल.

देवळाच्या पायरीवर वाट बघत उभ्या सासूनं माझी पिशवी चाचपली, डबी काढली आणि कमरेच्या ओच्यात खोचली.

"आत्ती, तिला दहाला खावं लागतं."

"मला म्हाईत हाय. नैवेद्य हुतोय की आत्ता."

नैवेद्य झाला नाही. देवळावर पत्रे घालून दिलेले कुणी मोठे पाहुणे यायचे होते. पुजारी धुळाप्पा दर दहा मिनिटांनी फोन लावायचा आणि सांगायचा, "निघाल्यात पाव्हणं." दहा वाजले. साडेदहा वाजले. ढोल चालू, ओव्या चालू. देव उपाशी, पोरं उपाशी, आणि पाहुणे अक्कलकोट रोडला कुठंतरी भजी खातायत.

सृष्टी माझ्या मांडीवर गप्प बसली होती. मग म्हणाली, "आई, तिला पण भूक लागलीय."

"कुणाला?"

"ती बघ की. खांबाला टेकलीय. तिचे केस सगळे पिवळे झालेत."

तिसऱ्या खांबाजवळ कुणी नव्हतं. पालथी वाटी तेवढी होती. पण मला भुतापेक्षा घड्याळाची भीती जास्त होती.

इंद्रजीत पुढं बसला होता. सृष्टीला घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसले. "अहो, आईंकडनं डबी आणा."

"पाच मिनिटं थांब की. लोक बघतायत."

"बघू देत. लोकांनी सुई टोचलीय का तिला?"

"अगं, आईला मायाक्काचं..." तो म्हणतोय तोवर सृष्टीचा माझ्या हातातला हात ओला झाला. पोर घामानं भिजली. हनुवटी थरथरायला लागली, मान मागं गेली, डोळे पांढरे.

मी ओरडले. आणि मागनं एक बाई माझ्याही वरताण ओरडली, "अंगात आलं! पोरीच्या अंगात देव आला!"

झालं. ढोल दुप्पट वाजायला लागले. धुळाप्पानं धावत येऊन मुठी भरभरून भंडारा माझ्या लेकीवर उधळला. हळदीनं तिचे केस पिवळेधमक झाले. बाया तिच्या पायावर डोकं टेकवत होत्या. पोरीच्या पाया पडतील, पण तिला लाडू देणार नाहीत! "साखर उतरलीय!" मी बोंबलत होते. ढोलापुढं माझं कोण ऐकतंय? वळून बघते तर इंद्रजीतनं हात जोडलेले. सगळं माहीत असलेल्या बापानं.

तेवढ्यात सासू उठली. तिची नजर त्या पिवळ्या केसांवर खिळली होती.

"ढोल बंद करा! बंद करा म्हन्ते न्हवं!"

ढोल थांबले. सासूनं नैवेद्याच्या ताटातला गूळ उचलला.

"बजाबाई, द्येवाचं हाय त्ये!" धुळाप्पा आडवा आला.

"सर बाजूला. हात मोडीन."

तिनं गूळ पाण्यात बोटानं कालवला आणि सृष्टीच्या गालात आतून चोळला. पुन्हा चोळला. पुटपुटत होती, "घे मायाक्का. घे माजे बाय."

किती वेळ गेला कळलं नाही. मग सृष्टीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आजी, माझी डबी दे."

दोन्ही लाडू तिनं तिथंच, देवासमोर खाल्ले. धुळाप्पा म्हणाला, "पाव्हणं आल्यावर काय सांगू? नैवेद्य उष्टा झाला."

"सांग, बजाबाईनं केला." सासू खाली बसली. माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"मायाक्कानं गूळ खाल्लाच न्हवता. चार दिस तापली हुती, पोटात काय न्हाई. तीनदा मागितलं तिनं. तिसऱ्या खेपंला ताटाकडं हात केला, तवा मी हातावर मारलं. लई जोरात मारलं. मग ती अशीच थरथरली. समदी म्हनली द्येव आला, भंडारा उधळला. मीबी पाया पडले तिच्या. ढोल थांबला तवा गार पडली हुती."

"मग गूळ खाल्ला असं कुणी सांगितलं?"

"मीच."

चाळीस वर्षं त्या मेलेल्या पोरीला चोर ठरवून ही बाई जेवत होती. मला तिला बोलायचं होतं, घाण घाण बोलायचं होतं. मी सृष्टीला कडेवर उचलून घेतलं.

ती उठली. उरलेला गूळ घेऊन तिसऱ्या खांबाजवळ गेली, वाटी सुलटी केली. गुळाचा खडा तळहातावर ठेवून हात पुढं केला आणि तशीच बसून राहिली. बाहेर पाहुण्यांची गाडी वाजली. सगळे तिकडं पळाले.

सृष्टी माझ्या कडेवरनं खांबाकडं बघत होती.

"आजी, ती घेत नाहीय. तू मारशील म्हणतीय."

सासूनं खडा वाटीत ठेवला. मग दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट धरले, आणि वाट बघत बसली.