साक्षीदाराचा रकाना

"वारा सगळा तिकडं, आन् खांदं मातर माझं मोडत्यात," पंख्याची दोरी ओढता ओढता गुरप्पा शिपाई नारायणच्या कानाशी कुरकुरला.

नारायण कारकुन समोरच्या कोऱ्या कागदाकडे बघत होता. टाक अजून दौतीतच होता.

कुंभारीपुढच्या एका गावच्या शाळेत मामलेदारांचा मुक्काम होता आणि तिथेच खटला चालला होता. टेबलामागे मामलेदार रावसाहेब, कपाळाला पट्टी. समोर कोंडीबा. बंदी मोडून झेंडा मिरवल्याचं त्याने कबूल केलं होतं. तेवढ्यासाठी त्याला दंडावर सुटता आलं असतं. पण रावसाहेबांना दगड मारल्याचं शाबीत झालं तर सहा महिने सक्तमजुरी. दारात त्याची आंधळी आई, गोजरबाई, आवाजाच्या रोखाने मान वळवत बसली होती.

"धुरळा लई हुता, सायेब," पाटील साक्षीत म्हणाले.

"माझी पाठ हुती," गुरप्पा म्हणाला.

नारायणला कोणी विचारलंच नाही. परवा झेंड्याच्या मिरवणुकीच्या वेळी तोही रावसाहेबांबरोबर होता. ओढ्याकाठी रावसाहेबांचा बूट घसरला आणि कपाळ दगडावर आपटलं. दगड जागचा हललासुद्धा नव्हता. नारायणनेच पगडी उचलून, झटकून हातात दिली होती. कोंडीबाने दगड मारल्याचं रावसाहेबांच्या संध्याकाळच्या रिपोर्टात आलं.

"झेंडा म्या घेतला," कोंडीबा म्हणाला. "पर दगूड मारताना मला कुनी बगितलं, त्येला इचारू तरी द्या की."

"मी पाहिलंय. तेवढं पुरे. लिहा कारकून, गुन्हा शाबीत."

पंखा थांबला. पाटील स्वतःच्या वहाणा न्याहाळू लागले.

गेल्या महिन्यात खादीची टोपी घातली म्हणून एका कारकुनाला घरी बसवलं होतं. तेव्हापासून नारायणने पांढरा रुमालसुद्धा खिशाबाहेर काढला नव्हता. त्याने टाक उचलला. 'कोणाच्या साक्षीवरून' एवढं लिहिलं, आणि पुढे हात चालेना.

"काय झालं?"

नारायण उभा राहिला. त्याने टेबलाची कड धरली.

"रावसाहेब, इथे साक्षीदाराचं नाव घालावं लागतं. आपलं घालतो..." त्याने टाक पुन्हा दौतीत बुडवला. "पण मग न्याय द्यायला खुर्चीत कोण होतं म्हणून लिहू?"