एकदाच विचारलं

सोमाली घरात कुणी "कशी आहेस?" विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: अल्हम्दुलिल्लाह, बरी आहे. अंगात ताप फणफणत असला तरी हेच. विचारणारा मग म्हणतो, "आता खरं सांग," आणि तेव्हा कुठे गाऱ्हाणं बाहेर पडतं. पहिल्याच फटक्यात रडगाणं लावणारीला वळण नाही म्हणतात. दाहाबोने आपल्या लेकीला, सगललाही हेच वळण लावलं होतं, ब्रिस्टलमध्ये अकराव्या मजल्यावर राहूनसुद्धा.

सगल बाळंत होऊन घरी आली ती कपाळ धरूनच. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते.

"आज नर्स येईल ना, तिला सांग," दाहाबो म्हणाली.

नर्स आली, पण खालपर्यंतच. मेली लिफ्ट बंद होती. तळमजल्यावरच्या गोऱ्या लॉरालाही नुकतंच मूल झालेलं. तिच्याकडे नर्सबाई निवांत बसल्या, चहा घेतला, तिचं ब्लडप्रेशर तपासलं. हे लॉरानेच नंतर सांगितलं, बिचारीने भोळेपणाने. वर मात्र त्यांनी फोन केला.

"काय सगल, कशी आहेस?"

सगलने आईकडे पाहिलं. "देवाची कृपा, बरी आहे," ती म्हणाली आणि थांबली. दाहाबोही थांबली.

"छान. काही लागलं तर कळव हं." फोन बंद.

"अगं, ठेवला?"

"ठेवला."

"मग परत लाव."

"जाऊ दे ना आई. काळ्या बायका नुसत्या कुरकुरतात म्हणतील. उद्या बघू."

दाहाबोने रेटलं नाही. तिथेच घात झाला.

संध्याकाळी रस्सा पिता पिता सगलला आकडी आली. वाटी तिच्या अंगावरच सांडली. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तिला खुर्चीला बांधून जिन्याने उतरवलं. ती परत चढली नाही. डॉक्टर म्हणाला, ब्लडप्रेशर आधीपासूनच वाढलेलं होतं, वेळेत मोजलं असतं तर वाचली असती. दाहाबोचा जीव जळून गेला. मोजायला काय, दुसऱ्यांदा विचारायलाही कुणाला सवड नव्हती.

दफन झाल्यावर तीच नर्स बाळाला बघायला आली. लिफ्ट अजून बंदच. या वेळी जिना चढून आली, धापा टाकत. बाळाचं वजन केलं, मग दाहाबोकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "आणि तुम्ही कशा आहात?"

तेवढं इंग्रजी दाहाबोला कळत होतं.

"अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली, आणि नर्सच्या तोंडाकडे बघत राहिली.

नर्सने मान हलवली. "काळजी घ्या," म्हणाली आणि पिशवीची चेन लावली.