वरच्या खोलीतलं भजनी मंडळ

आमच्यापैकी एकालाही गाता येत नाही. तरी दर बुधवारी संध्याकाळी दूधविनायकाजवळच्या धर्मशाळेत, वरच्या खोलीत आमचं भजनी मंडळ भरतं. ही अक्कल ऋतुराजची. खोली मागायला गेलो तेव्हा व्यवस्थापक काशीनाथजींनी विचारलं, "कशासाठी?" आणि मी तोंड उघडायच्या आत हा गडी म्हणाला, "भजनासाठी." मी तिथल्या तिथं कपाळावर हात मारून घेतला.

खरं सांगायची सोय नव्हती म्हणा. आम्ही तीन पुरुष. लहानपणी तिघंही एकेका मोठ्या माणसाच्या तावडीत सापडलो होतो. त्या माणसांनी आमच्या शरीराशी नको ते केलं, आणि आम्ही केस पिकेपर्यंत गप्प बसलो. आम्ही ज्यांच्याकडे उपचाराला जात होतो त्या डॉक्टरीणबाईंनीच एकमेकांची गाठ घालून दिली आणि सांगितलं, आपसात बोला. बोला म्हणे! काशीत हे कारण सांगून खोली कोण देणार? मी माझ्या सख्ख्या भावाला सांगून पाहिलं होतं. शिकवणीच्या मास्तरांचं नाव घेतलं तर तो हसला. "लडकों के साथ भी होता है क्या?" म्हणाला. मास्तरांपेक्षा मला त्या हसण्याचा राग जास्त येतो, अजूनही.

तर भजन. काशीनाथजींना प्रसाद पोचवायची भारी हौस. इकडे ऋतुराज रडकुंडीला येऊन काहीतरी सांगत असतो, तेवढ्यात जिन्यात चपला वाजतात. लगेच टाळ उचलायचे आणि 'विठ्ठल विठ्ठल' सुरू करायचं. काशीनाथजी दारात शिऱ्याचं ताट धरून डोलतात, "वा, वा" म्हणतात आणि जातात. मग ऋतुराज नाक पुसत विचारतो, "मी कुठपर्यंत आलो होतो?" तोवर मीही विसरलेलो असतो. दिवसभर बँकेत लोकांशी डोकेफोड करून मी इथं येतो ते टाळ कुटायला?

आमच्यात नियम एकच. 'जाऊ दे' म्हणायचं नाही. आयुष्यभर सगळ्यांनी आम्हाला तेवढंच सांगितलंय. जो म्हणेल त्यानं खाली धर्मशाळेच्या चुलीवर जाऊन सगळ्यांना चहा करून आणायचा. बहुतेक वेळा ऋतुराजच करतो. रेल्वेतला माणूस, नागपूरहून बदलीवर आलेला, स्वभावानं लोण्यासारखा. त्याच्या तोंडून निघतंच. चहाही पांचट करतो.

तिसरे बिंदुकाका. बिंदुमाधव त्यांचं नाव, शिंदे घाटावर उपाध्येपण करतात. महाराष्ट्रातली, माळव्यातली कितीतरी घराणी पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच घराकडून अस्थी, श्राद्धं करवून घेतात. काका वर्षभर आमच्यात येऊन बसले आणि वर्षभर एक अक्षर बोलले नाहीत. कोपऱ्यात बसून शेंगा सोलायच्या आणि आमचं ऐकायचं. बाहेरचं पीत नाहीत म्हणून त्यांचा चहा दर वेळी गार होऊन जायचा. मी एकदा चिडून म्हटलं होतं, "काका, आम्ही काय कीर्तन करतोय आणि तुम्ही श्रोते?" त्यावर त्यांनी मला मूठभर दाणे दिले. अशा माणसापुढं काय करायचं!

त्या बुधवारी काका आमच्या आधी येऊन बसले होते. शेंगा नव्हत्या. आम्ही टेकतोय न टेकतोय तोच बोलायला लागले.

"इंदौरचे एक जजमान होते. काशीत आले की आमच्याच घरी उतरायचे. मोठे लोक. रात्री आई मला म्हणायची, जा, त्यांचे पाय चेपून दे. मी दहा वर्षांचा होतो. मी आत गेलो की ते कडी लावून घ्यायचे."

वर्षानं हा माणूस बोलत होता.

आणि जिन्यात चपला वाजल्या.

ऋतुराजनं टाळ उचलले. "विठ्ठल विठ्ठल!" मी दातओठ खात टाळ्या पिटल्या. काकांचे ओठ हलत होते, पण नाव कुणाचंच निघत नव्हतं. काशीनाथजी शिरा घेऊन आत आले. "क्या बात है! या गणेशोत्सवात तुमचं भजन ठेवतो बरं का. नाही म्हणायचं नाही." मग काकांकडे वळून म्हणाले, "पंडितजी, तुमचे इंदौरवाले जजमान आलेत. वडिलांच्या अस्थी घेऊन आलेत बिचारे. आधी तुमच्या घरी जाऊन आले, मग इथं. खाली बसवलंय."

ताट खाली ठेवून ते गेले. मला त्यांच्या पाठीत ते ताट घालावंसं वाटलं.

"तेच," काका म्हणाले. "ते वारले. हा त्यांचा मुलगा. उद्या घाटावर मला मंत्र म्हणायचेत. त्यांना शांती मिळो, चांगली गती मिळो. माझ्या तोंडानं." "सकाळी आई म्हणायची, पाया पड त्यांच्या. मी पडायचो. आता पुन्हा पडायचं का रे, प्रल्हाद?"

एरवी माझी जीभ गप्प बसत नाही, पण त्या घडीला मला फक्त रडू येत होतं, आणि रडू आलं की मला आणखी राग येतो. "नका करू," एवढंच म्हणालो.

"नाही कसं म्हणू? आजोबांपासूनचं घराणं आहे. कारण विचारतील."

पुन्हा चपला. ऋतुराजचा हात सवयीनं टाळांकडे गेला. काकांनी त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

काशीनाथजी दारात उभे राहिले. भजन नाही म्हणून जरा गोंधळले. "पंडितजी, जजमान विचारतायत, उद्या किती वाजता यायचं?"

"मी करणार नाही," काका म्हणाले.

"तबियत बरी नाही का?"

"तबियत ठीक आहे. त्यांच्या वडिलांनी लहानपणी माझ्यावर अत्याचार केला. माझ्या घरात, कडी लावून. मी पोर होतो, काशीनाथजी."

काशीनाथजींनी आमच्याकडे पाहिलं, टाळांकडे पाहिलं, पंचा हातात चुरगाळला. माणूस वाईट नाही हो. पण शेवटी तेच बोलले, जे सगळे बोलतात.

"पंडितजी... माणूस तर गेला आता. जाऊ द्या."

"चहा!" मी ओरडलो. इतक्या जोरात, की खालच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

"काय?"

"हा शब्द इथं चालत नाही," ऋतुराज म्हणाला. "जो म्हणेल त्यानं सगळ्यांसाठी चहा करायचा. आमचा नियम आहे."

"म्हणजे तुम्ही तिघं... आणि हे भजन?"

"भजन नाही," मी म्हटलं. "कधीच नव्हतं."

झालं, गेली खोली. आता रस्त्यावर बसून बोला, असं माझ्या मनात आलं आणि ऋतुराजच्या त्या पहिल्या थापेला मी मनातल्या मनात पुन्हा चार शिव्या घातल्या. काशीनाथजी उंबरा ओलांडून आत आले. मग त्यांनी खाली वाकून शिऱ्याचं तसंच पडलेलं ताट उचललं, पंच्यानं डोळे पुसले.

"शक्कर किती घालू?" त्यांनी विचारलं.

ऋतुराजनं एक बोट वर केलं. मी नको म्हटलं. वर्षभर आमच्या चहाला ओठ न लावलेले बिंदुकाका ऋतुराजचं मनगट सोडून ताठ बसले.

"मला दोन चमचे," ते म्हणाले. "आणि जजमानांना दुसरा ब्राह्मण बघून द्या. कारण विचारलं तर वर पाठवा. मी सांगतो."