भट्टीसमोरचा चष्मा

आमच्या ह्यांची एक खोड मला सत्तेचाळीस वर्षांत मोडता आली नाही. कधीही विचारा, “मी बरा आहे” म्हणतात. दाढ ठणकत असो की अंगात ताप असो, हे आपले बरेच असतात. गेल्या मे महिन्यात हडपसरच्या आमच्या बेकरीत भट्टीसमोर उभं राहून असंच म्हणाले आणि पुढच्या मिनिटाला पावाच्या पत्र्यासकट आडवे झाले. उष्माघात. शुद्धीवर यायला दीड दिवस गेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अंग पुन्हा असं तापलं तर माणूस हाती लागेलच असं नाही.

मुलगा कामरान म्हणाला, अब्बांनी भट्टीपुढे जायचं नाही. आमचे मकबूलमियाँ घरी खिडकीत बसले. म्हणजे आम्ही बसवले. जेवण अर्ध्यावर आलं, बोलणं त्याहून कमी. बेकरीतून पाव आला की बोटानं दाबून बघायचे आणि न खाता परत ठेवायचे. वर्षभर मी हे बघितलं.

ह्या एप्रिलात नात मिसबानं तोड काढली. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं कॉलेजात एक चष्मा केला होता. दिसायला साधा, पण नाकापाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला टेकेल असा तांदळाएवढा मणी. तिथली कातडी पातळ, खाली गरम रक्त, म्हणून अंगातला खरा ताप तिथे कळतो, असं तिचं म्हणणं. टोचायचं नाही, तोंडात काही धरायचं नाही. आकडा सारखा मोबाइलवर येत राहतो. शंभराच्या वर गेला की दांडीवर पिवळा दिवा लागतो. मी चौथी शिकलेली. मला एवढंच कळलं की ह्या माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवायची आता गरज नाही.

कामराननं पंधरा दिवस दिले. तेवढ्यात काही झालं नाही तर अब्बा भट्टीवर, झालं तर कायमचे घरी.

आठ दिवस आकडा अठ्ठ्याण्णवच्या वर गेला नाही. मियाँची छाती फुगली. गिऱ्हाइकांना मोबाइल दाखवून सांगायचे, बघा, माठासारखा गार आहे. कामरानही खूश. मला मात्र ते पटेना. भट्टीपुढे माठसुद्धा गार राहत नाही.

नवव्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले. मिसबा तिथेच होती, आकडे उतरवत. मियाँ कारागीर कोंडीरामला हाक मारत होते. कोंडीराम पीठ मळत त्यांच्या पुढ्यातच उभा होता. मी ह्यांच्या मानेला हात लावला. तव्याला लागावा तसा चटका बसला. मिसबा म्हणाली, दादी, तुझ्या हाताचा नुसता अंदाज, चष्म्याचा आकडा खरा. मी म्हटलं, ह्या हातानं तुझ्या बापाचे सगळे ताप ओळखले आहेत, तुझं तापमापक काढ. तोंडातला आकडा आला एकशेदोन. चष्म्याचा सत्त्याण्णव.

आम्ही त्यांना ओढून बाहेर पंख्याखाली बसवलं, मानेवर आणि काखेत ओले पंचे ठेवले. कामरान धावत आला. म्हणाला, चष्मा फेका, भट्टी बंद. मिसबाचे डोळे भरले. चष्मा देण्याआधी तिनं आजोबांना गोळ्या, मोतीबिंदू, सगळं विचारलं होतं. कुठे चुकलं ते तिला कळेना.

ह्यांच्या डोळ्यांवरून काढलेला चष्मा माझ्या हातात होता. मी मणी पदरानं पुसला. पदरावर काळा डाग. नाकाशी नेला, गुलाबपाण्याचा वास.

सुरमा. माझा सुरमा. निकाह झाल्यापासून रोज सकाळी नमाजानंतर मी ह्यांच्या डोळ्यांत चांदीच्या सळईनं घालते. भट्टीच्या झळेत डोळ्यांना गारवा राहावा म्हणून चष्मा आल्यापासून दिवसातून दोनदा घालत होते. पाणी सुटून तो कोपऱ्यात उतरायचा आणि मण्यावर थर धरायचा, मग मण्याला कातडीची ऊब लागायचीच नाही. मिसबानं औषधं विचारली. सुरमा काय औषध आहे? आणि बायको डोळ्यांत सुरमा घालते हे कोणता आजोबा नातीला सांगतो?

डाग पदरात दुमडून गप्प राहता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं. पण मग यंत्र खोटं ठरलं असतं, आणि हे पुन्हा खिडकीत. मी पदर उलगडून मिसबापुढे धरला. म्हटलं, तुझं यंत्र बरोबर आहे, चूक माझी आहे, आणि हे मी एकदाच सांगणार.

मिसबानं कापसानं मणी पुसला, ह्यांच्या डोळ्यांचे कोपरे पुसले, चष्मा पुन्हा चढवला. आकडा सरकत सरकत एकशेएकवर आला. दिवा पिवळा झाला. तापमापकही एकशेएकच म्हणालं. कामरान दोन्ही आकड्यांकडे आळीपाळीनं बघत राहिला. शेवटी म्हणाला, अम्मी, आता काय करायचं ते तू सांग.

घटकाभरानं दिवा विझला. मियाँनी पंचा बाजूला केला, उठायला लागले आणि म्हणाले, “मी बरा आहे.”

मी त्यांचा खांदा दाबून खाली बसवलं.

“अहो, ते आता तुम्ही सांगायचं नाही, चष्मा सांगेल. आज घरी चला. उद्यापासून भट्टी तुमची. पण दिवा पिवळा झाला की पत्रा कोंडीरामच्या हातात आणि तुम्ही पंख्याखाली, तोंडातून शब्द न काढता. सुरमा मी संध्याकाळी घालेन, भट्टी विझल्यावर. आणि एकदा जरी चष्मा काढून ठेवलात, तर बेकरीच्या दारात खुर्ची टाकून मी स्वतः बसेन. मग गिऱ्हाइकांना कोण किती गार आहे ते मी सांगेन.”